वडिलांच्या १९५३च्या पोर्तुगीज वहीत प्रत्येक गणिताच्या कडेला फुली का?

पोरसातली

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या जुन्या घराचे नळे उतरवायचे होते म्हणून माळा रिकामा केला. तिथे एका पत्र्याच्या ट्रंकेत, तांब्याच्या घागरीखाली, बाबांची शाळेतली वही सापडली. वाळवीने एक कोपरा खाल्लाय, बाकी शाबूत. बाबा मागच्या चतुर्थीच्या आधी गेले, त्यामुळे विचारणार कुणाला? आत्या आहे, पण तिला दाखवली तर म्हणाली, "आम्हां चेडवांना (मुलींना) कोण दाखवत होतं वह्या!" आणि परत तांदूळ निवडायला लागली.

मी स्वतः चौथीच्या वर्गाला शिकवते, म्हणून उत्सुकता जरा जास्तच. वही पोर्तुगीज शाळेतली आहे. वर तारीख, महिना अक्षरात, साल १९५३. तीन गोष्टी कळत नाहीत.

पहिली म्हणजे फुल्या. प्रत्येक गुणाकाराच्या उजवीकडे एक तिरकी फुली आहे आणि तिच्या चार घरांत चार आकडे. उदाहरणार्थ ४७ गुणिले ६, उत्तर २८२, आणि फुलीत डावीकडे २, उजवीकडे ६, वर ३, खाली ३. हे आकडे गणितात कुठेच नाहीत!

दुसरी गोष्ट: एका पानावर एकच शब्द वीस वेळा लिहिलाय. पी, ए, ओ, आणि ए-च्या डोक्यावर नागमोडी रेघ. त्याच्या वर लाल शाईने खोडलेला जवळजवळ तोच शब्द, फक्त शेवटी ओ-च्या जागी यू. शिक्षा असणार हे कळतं, पण एवढी कशाबद्दल?

तिसरी: वही उलटी करून मागच्या बाजूने पेन्सिलीने देवनागरीत पावकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे लिहिलेत. एकाच वहीत दोन शाळा कशा? बाबा मराठी शाळेत गेले होते एवढंच मला ठाऊक होतं.

शंकेखोर

फुली म्हणजे चूक. आमच्या वेळीही मास्तर चुकीच्या गणितावर फुली मारायचे.

पोरसातली

नाही हो, ४७ सक्कं २८२ बरोबरच आहे. आणि फुली बाबांच्याच पेनाने काढलीय, लाल शाईने नाही.

सेगुंद ग्राव पास

बाय, तुझा प्रश्न वाचून चष्मा पुसला. मी ७९ वर्षांचा. डिचोलीकडचा. माझ्याही वहीत अशा फुल्या होत्या. वही आईने चुलीत घातली तो भाग वेगळा.

ती फुली म्हणजे 'प्रोव्ह दुश नोव्ह', नवाची परीक्षा. उत्तर बरोबर आलं की नाही हे पोरानेच ताडून बघायचं. ४७ चे अंक मिळव: ४ आणि ७, अकरा. त्यातून नऊ काढ, दोन उरले. ते डावीकडे. दुसरा आकडा ६, त्यातून नऊ निघत नाहीत, तो तसाच उजवीकडे. आता २ आणि ६ चा गुणाकार बारा, नऊ काढले, तीन. ते वर. मग उत्तर घे: २८२, मिळवले तर बारा, नऊ काढले, तीन. ते खाली. वरचा आणि खालचा जुळला की गणित सुटलं. आम्ही हे सगळं मोठ्याने म्हणायचो. "नोव्हश फोरा", म्हणजे नऊ बाहेर. आणि काहीच उरलं नाही तर "नोव्हश फोरा, नादा!" हे नादा म्हणताना वर्गातली सगळी पोरं ओरडायची, कारण ओरडायची परवानगी तेवढ्याच शब्दाला होती.

का चालतं ते प्रोफेसोरांनी कधी सांगितलं नाही. (प्राथमिकच्या मास्तरालाही प्रोफेसोरच म्हणायचं, हसू नकोस.) मला ते चाळिशीत मुलाला शिकवताना कळलं. दहातून नऊ काढले की एक उरतो, शंभरातून जितके नऊ निघतील तितके काढले तरी एकच उरतो. म्हणून कुठल्याही आकड्याचे अंक नुसते मिळवले तरी नवाने भागून उरणारी बाकी तीच. चौथीच्या पोरांना सहज समजेल, करून बघ वर्गात. फक्त या परीक्षेत एक भोक आहे. अंकांची अदलाबदल झाली तर तिला पत्ता लागत नाही. २८२ च्या जागी ८२२ लिहिलंस तरी बेरीज बाराच, फुली खूश.

आणि अदलाबदल तर आमच्यासारख्यांकडून हमखास व्हायची. सत्तेचाळीस ऐकलं की मराठी शिकलेल्या पोराच्या कानात सात आधी पडतो. पोर्तुगीजमध्ये 'क्वारेंता ई सेत', चाळीस आधी. प्रोफेसोर तोंडी गणित घालत, आम्ही मनात मराठी करून पाटीवर उतरवत असू, आणि उतरताना ७४. किती छड्या खाल्ल्या असतील या एका घोटाळ्यापायी!

छडी म्हणतोय, पण ती छडी नसायची. पालमातोरिया. लाकडाची गोल थापी, मुठीसकट एकसंध, थापीला पाच भोकं. पोर्तुगालात तिला 'पाच डोळ्यांची पोरगी' म्हणत. तळहातावर बसली की भोकांच्या जागी पाच टिकल्या उठायच्या, आणि घरी जाईपर्यंत मूठ मिटून ठेवायची, नाहीतर घरी आणखी.

तुझा दुसरा प्रश्न. तो शब्द म्हणजे 'पांव'. आपल्या पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव त्यांच्याकडूनच आला. ए-वरच्या नागमोडी रेघेला 'तील' म्हणतात, आवाज नाकात न्यायची खूण. बाबांनी ती घातली नाही आणि ओ-च्या जागी यू लिहिलं. तसं लिहिलं की शब्द होतो 'पाउ', म्हणजे लाकूड, दांडका. "आईने सकाळी मला दांडका खायला दिला" असं वाक्य झालं असणार. प्रोफेसोर हसले असतील आणि मग तोच दिला असेल. आम्हां सगळ्यांना ही चूक भोगावी लागली, कारण आमच्या कानाला नाकातला आवाज नवा नव्हता, पण तो लिहायला आम्हांला डोक्यावरचा टिंब माहीत होता, नागमोडी रेघ नाही.

'डिताद' हा त्यांचा खरा राक्षस. श्रुतलेखन. प्रोफेसोर चालत चालत वाचणार, मान वर करायची नाही. पोर्तुगीज ऐकायला गोड, लिहायला वैरी. 'स' चा आवाज एस लिहू, दोन एस लिहू, सी लिहू, की शेपटीवाला सी? 'कोंसेल्यु' म्हणजे तालुका, तिथे सी. 'कोंसेल्यु' म्हणजेच सल्ला, तिथे एस. उच्चार अगदी एक. आमच्या वर्गातल्या एकाने लिहिलं की डिचोली हा एक सल्ला आहे. तो पुढे तालुका कचेरीतच कारकून झाला.

आता उलट्या वहीबद्दल. आमच्याकडे हिंदूंच्या बऱ्याच घरांत हेच असायचं. सकाळी देवळाच्या अग्रशाळेत (आवारातल्या धर्मशाळेत) मराठी, दुपारी पोर्तुगीज सरकारी शाळा. मराठीचे मास्तर सावंतवाडीकडचे, वाराने जेवायचे, पगार म्हणून वर्षाला काही तांदूळ, काही नारळ. आमच्या वडलांच्या वेळी धूळपाटी होती. लाकडी फळीवर तांबड्या चिऱ्याची पूड पसरायची, बोटाने किंवा काडीने 'श्री' काढायचा, फळीला टिचकी मारली की पाटी कोरी. माझ्या वेळी दगडी पाटी आली होती. सकाळी "क काना का, क पहिली वेलांटी कि", दुपारी "बे-आ-बा, बे-ए-बे". चाल एकच. मला पुष्कळ दिवस वाटायचं की पोर्तुगीजांनी बाराखडी आपल्याकडूनच नेली.

गणित मात्र दोन्हीकडचं वेगळं, आणि इथे मराठी मास्तरांचा हात वर होता. एकदा दुपारच्या शाळेत प्रोफेसोरांनी घातलं: एक शेर गूळ अडीच तांग्यांना, तर सात शेरांचे किती? पोर्तुगीज रीत अशी: रुपयाचे १६ तांगे, तांग्याचे ६० रैश. म्हणून अडीच तांगे म्हणजे १५० रैश, गुणिले सात, १०५०. त्यातून रुपयाचे ९६० वजा, उरले ९०, म्हणजे दीड तांगा. एवढं सगळं फळ्यावर मांडेपर्यंत माझ्या शेजारच्या पोराने खिडकीबाहेर बघत म्हटलं, "सात अडीच साडेसतरा. एक रुपया दीड तांगा." प्रोफेसोरांनी विचारलं, कुणाची नक्कल केलीस? फळ्यावर उत्तर अजून यायचंच होतं!

तो वाण्याचा पोरगा होता. अडीचकी त्याला रोज संध्याकाळी दिव्याजवळ म्हणावी लागायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. हे पाढे का होते? सोळाचा पाव चार, निम्मे आठ, पाऊण बारा. रुपया, तांगा, पाव तांगा सगळे पावानेच मोडत होते, म्हणून. पाव तांग्याचं १५ रैशांचं नाणं मी हातात घेतलंय.

मग १९५९ उजाडलं आणि रुपया गेला, एस्कुद आला. सहा एस्कुद म्हणजे एक जुना रुपया, एस्कुदाचे शंभर सेंताव्ह. मी बारा-तेरा वर्षांचा, वडलांच्या दुकानात बसायचो. एका तांग्याचे झाले साडेसदतीस सेंताव्ह. अडीच तांग्यांचे पावणेचौऱ्याण्णव. सांग, कुठल्या पाढ्यात बसतं हे? म्हाताऱ्या बायका यायच्या, तांग्यात भाव विचारायच्या, एस्कुदात पैसे द्यायच्या आणि मोड मोजताना माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघायच्या. बांद्याच्या पलीकडे, म्हणजे भारतात, नवे पैसे दोन वर्षं आधी, १९५७ मध्येच सुरू झाले होते. तिथले पाहुणे आले की तिसराच हिशेब. तीन वर्षांत मुक्ती झाली आणि एस्कुदही गेला. पाठ केलेला एकही पाढा मी पुढे गल्ल्यावर वापरला नाही. दिडकी अजून येते. परवा डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत म्हटली, एकवीस दिडी साडेएकतीसपर्यंत.

लांबलं. पण तू विचारलंस म्हणून.

रांगोळी

काकांनी सांगितलेल्या शुद्धलेखनात माझी एक भर. मी जुनी कागदपत्रं लावून देण्याचं काम करते, त्यामुळे हा त्रास रोजचा.

पोर्तुगालने १९११ मध्ये स्पेलिंग बदललं. त्याआधी 'फार्मासिया' पी-एचने सुरू व्हायचं, त्यानंतर एफने. 'तेआत्रु' मधला टी-नंतरचा एच उडाला, 'आनु' म्हणजे वर्ष, त्यातला एक एन गेला. के, डब्ल्यू, वाय ही अक्षरं तर परकीय नावांपुरती उरली. म्हणजे एकाच घरात आजोबा शिकले ते स्पेलिंग नातवाच्या डितादमध्ये चूक! आमच्याकडे पणजोबांचं एक पत्र आहे, त्यात दोन-दोन एन, दोन-दोन एल, पी-एच सगळं झगझगीत. आजोबांनी त्यावर शाळकरी वयात पेन्सिलीने चुका काढल्यात. पणजोबांनी ते बघितलं असेल का, कोण जाणे.

आणि मराठीला हसू नये. आपल्याकडेही 'घरांत', 'केलें', 'नांव' वरचे टिंब १९६२च्या नियमांनी गेले. मुक्ती डिसेंबर १९६१ ची. माझी आई तेव्हा दुसरीत. तिला पहिलीत टिंब द्यायला शिकवलं आणि तिसरीत टिंब दिला म्हणून गुण कापले. ती अजून 'नांव' असंच लिहिते, मुद्दाम.

नावांचं तर विचारूच नका. पोर्तुगीज कारकुनाला के नको, म्हणून नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई. आपला 'अ' त्यांना 'ओ' ऐकू यायचा, म्हणून प्रभूचं पोरोबो. शेटच्या सुरुवातीला एक्स. मुक्तीनंतर इंग्रजी स्पेलिंग आलं. आता एका जमिनीच्या कामात एका कार्यालयाने सांगितलं की पणजोबा आणि आजोबा एकाच घराण्यातले वाटत नाहीत, आडनावं वेगळी आहेत. आडनाव एकच हो, कारकून दोन! प्रतिज्ञापत्र करा म्हणाले. केलं. त्यात टंकलेखकाने तिसरं स्पेलिंग घातलं.

शंकेखोर

फुलीबद्दल मी चुकलो, मान्य. पण या आठवणी वाचताना एक गोष्ट खटकते. सकाळी अग्रशाळा, दुपारी सरकारी शाळा, संध्याकाळी दिव्याजवळ परवचा. छान. पण अग्रशाळेत कोण बसायचं? ज्यांना देवळाच्या आवारात यायला मज्जाव होता त्यांची पोरं कुठे क काना का म्हणत होती? आमची आजी कुळागरात सुपारी वेचायची. शाळेचं तोंड पाहिलं नाही. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) ओसरीवर मजुरीचा हिशेब व्हायचा तेव्हा ती पदराच्या टोकाला गाठी मारून दिवस मोजायची. एकदा तिच्या गाठी बारा निघाल्या आणि वहीत दहा. वहीवर विश्वास ठेवला गेला. अडीचकी येणाऱ्यांनीच तो हिशेब लिहिला होता.

सेगुंद ग्राव पास

खरं आहे. आमच्या अग्रशाळेत पंचवीस पोरं होती, त्यात मुली दोन, दोघीही पुजाऱ्याच्या घरच्या. तेव्हा मला ते दिसलंच नाही. गाठींचं वाचून वाईट वाटलं. आमच्या दुकानातही अशा गाठी घेऊन बायका यायच्या, आणि मी वहीच उघडायचो.

रांगोळी

सगळीकडे देवळाच्याच भरवशावर होतं असंही नाही. पणजीचा मुष्टिफंड, ही शाळा चालवणारी संस्था, १९०८ चा, त्याचं नावच घरोघरच्या मुठीवरून पडलंय. पण शंकेखोर म्हणतात ते राहतंच. मूठ द्यायला घरात तांदूळ हवेत.

आणि कुणीतरी आता घरात कोंकणी होती की मराठी यावर सुरू करेल, त्यांना आधीच हात जोडते. तो धागा वेगळा आहे, तिथे जागा भरपूर.

पोरसातली

काका, तुमचं उत्तर छापून वहीत ठेवलंय. वर्गात नवाची परीक्षा करून घेतली. पोरांना सगळ्यात आवडलं ते अर्थातच "नादा!" ओरडणं. शेजारच्या वर्गाच्या बाई येऊन बघून गेल्या. एका मुलीने विचारलं, मग फुली जुळली तर गणित बरोबरच का? तिला तुमचं भोक दाखवलं.

त्यावरून काल रात्री बाबांची सगळी वही तपासली. चौदाव्या पानावर सापडलं. ५८ गुणिले ७. फुलीत डावीकडे ४, उजवीकडे ७, वर १, खाली १. सुरेख जुळलेली. आणि उत्तर लिहिलंय ४६०. पाहिजे होतं ४०६. सहा आणि साठ, किंवा पोर्तुगीजमधले सैश आणि सेसेंता, यांतलं काहीतरी डोक्यात वाजलं असणार. प्रोफेसोरांनी उत्तराकडे पाहिलंच नाही, नुसती फुली पाहिली. खाली लाल शाईत शेरा आहे: 'बेम'. छान. अख्ख्या वहीत एवढा एकच बेम, तोही चुकीच्या गणिताला.

शंकेखोर, तुमच्या आजीच्या गाठी डोक्यातून जात नव्हत्या, म्हणून वही घेऊन परत आत्याकडे गेले. तिला म्हटलं, अठ्ठावन्न सत्ते किती? तांदळातून मान न काढता म्हणाली, "सात पन्नास साडेतीनशे, सात आठे छप्पन्न. चारशे सहा." तू कुठे शिकलीस, तर म्हणे, "कुठे म्हणजे? दादा ओसरीवर बोंबलत म्हणायचा. मी इथेच बसलेली असायची, सूप घेऊन. त्याला एक पाढा पाठ व्हायला आठ दिवस लागायचे, तोवर माझा झालेला असायचा."

मग बाबांचं ४६० तिला दाखवलं. वाचता येत नाही, पण आकडे येतात. बराच वेळ बघत राहिली, मग इतकी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं. वही आता तिच्या उशाशी आहे. आज परत मागितली तर म्हणाली, थांब, अजून पुढची पानं तपासायची आहेत.